डावं कवाड

आमच्या धंद्याला धड नाव नव्हतं. मी जातिवंत सुतार, म्हणून लोक मिस्त्री म्हणत. पण नवं असं मी आयुष्यात फारसं केलंच नाही. कुठे जुनं घर उतरवायला निघालं की मी तिथे हजर. खांब, तुळया, चौकटी, कोरीव दारं, पितळी कड्या, जे हाताला लागेल ते गाडीत घालून धुळ्याला आणायचं, धुवायचं, तेल पाजायचं आणि कुणाच्या तरी नव्याकोऱ्या घरात शोभेसाठी बसवून द्यायचं. काही जण मला भंगारवाला म्हणत. त्यांच्याशी मी दोन दिवस बोलत नसे. तिसऱ्या दिवशी त्यांचंच काहीतरी विकायला निघालेलं असे, मग बोलावं लागे.

स्वातंत्र्यानंतरची ती दहा-बारा वर्षं. कपाशीचे आणि केळीचे चार पैसे हातात आले की माणूस पहिल्यांदा घर पाडायला काढी. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे सागाच्या खांब-तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात आत गारवा, पण पावसात गळायचं, आणि दर वर्षी वर माती टाकायची कटकट. विटा, सिमेंट आणि लोखंडी सळ्या आल्यावर कोण ऐकतो? धाबी धडाधड उतरली. सातपुड्यातून बैलांनी ओढून आणलेला साग, त्यावर कुणा विसरलेल्या कारागिराने दोन-दोन वर्षं बसून काढलेली वेलबुट्टी, आणि ती कुठे जायची? लग्नाच्या पंगतीला, चुलीत. खांब आणि तुळई यांच्या बेचक्यात बसणारा कोरीव तुकडा असतो, त्याला आम्ही हस्त म्हणतो. असे मोराचे हस्त भाताच्या डेगीखाली जळताना मी पाहिले आहेत. एकदा तर जळतं लाकूड ओढून काढलं, हात भाजून घेतला आणि वर आचाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. तो हस्त आजही माझ्याकडे आहे. अर्धा काळा आहे, विकत नाही.

माझा पहिला मोठा सौदा मात्र लाकडाचा नव्हता. सत्तेचाळीस साली कापसाच्या धंद्यातला एक गोरा साहेब विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात आलं. मी छातीवर दगड ठेवून दोन आरसे आणि सिंहाच्या पंजांवर उभा असलेला आंघोळीचा लोखंडी टब घेतला. आरसे हातोहात गेले. टब वर्षभर माझ्या अंगणात. शेवटी जळगावकडच्या केळीवाल्या एका पाटलांनी तो उचलला. महिन्याभराने मी मोठ्या हौशीने पाहायला गेलो, की न्हाणीघरात कसा काय बसवलाय. टब गोठ्यात होता आणि त्यात म्हशींची सरकी भिजत पडली होती. माझं तोंड पाहून पाटील म्हणाले, "मिस्तरी, माणूस काय, बादलीनंबी न्हातो. म्हशीला बाकी ऐसपैस लागतं." त्या दिवसापासून मी एक नियम केला. वस्तू कशासाठी केलेली होती ते गिऱ्हाइकाला सांगायचं. तिचं काय करावं हे सांगायचं नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, यात कसली कला? जुनं आणलं, उभं केलं. तर ऐका. आधी लाकूड ओळखावं लागतं. नखाने टोकरायचं, कोपरा तासून वास घ्यायचा. शंभर वर्षांचा साग असला तरी आतून अजून तेलाचा वास येतो. मग खिळे शोधायचे, एकेक, बोटांनी चाचपून. एक राहिला की रंध्याचं पातं गेलंच. धुण्याच्या सोड्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं, जवसाचं तेल तीनदा पाजायचं. काच घेऊन नक्षी खरवडणारे सुतार असतात, त्यांना मी माझ्या आवारात पाऊल ठेवू दिलं नाही. आणि सगळ्यात शेवटी जागा. पन्नास वर्षं धाबं पेललेला खांब नव्या दिवाणखान्यात उभा राहतो तेव्हा त्याच्या डोक्यावर काहीच नसतं. तो नुसता उभा असतो. तरी तो तिथे पहिल्यापासून होता असं वाटलं पाहिजे. एवढंच काम, पण ते सगळ्यांना जमत नसे. मला जमायचं.

हे असं सजवण्याचं वेड धुळ्यात लावलं ते देवपुरातल्या एका वकीलसाहेबांनी. नदीपलीकडे देवपुरात तेव्हा नवे बंगले उठत होते. साहेबांनी मला बोलावलं आणि ओल्या गिलाव्याच्या भिंतींकडे हात करून म्हणाले, "मिस्त्री, पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, आम्ही आजकालचे नाही." मी मनात हसलो. पण माणूस हौशी, दिलदार, आणि चांगल्या लाकडावर हात फिरवताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. अशा माणसाचं काम मी जीव लावून करतो. वर्षभरात त्यांच्या दिवाणखान्यात सुरूच्या झाडासारखे निमुळते चार सुरूदार खांब आले, बंगईला, म्हणजे झोपाळ्याला, पितळी कड्या आल्या, आरशाला महिरपीची चौकट आली. राहिलं होतं ते त्यांच्या ऑफिसच्या खोलीचं दार. अरुंद होतं, एका कवाडाचं. त्यांना तिथे काहीतरी खास हवं होतं.

आणि नेमकं तेव्हाच मला डावं कवाड मिळालं.

चोपड्याच्या अलीकडे एका गावात सुकलाल नावाचा शेतकरी जुने खांब विकतोय असा निरोप आला, म्हणून गेलो. खांब बरे होते. पण गोठ्यात वासराला आडोसा म्हणून एक कवाड उभं केलेलं दिसलं आणि माझे पायच थांबले. दोन कवाडांच्या मोठ्या दाराचं ते डावं अंग. वर कमळांच्या रांगा, मधोमध मान वळवलेला मोर. मोर ज्या बाजूला पाहत होता तिकडे काहीच नव्हतं, म्हणजे लांडोर दुसऱ्या कवाडावर असणार. दोन कवाडांमधली फट झाकणारी नक्षीची उभी पट्टी याच कवाडाला होती.

मी विचारलं, "याचा जोडीदार कुठे आहे?"

सुकलाल म्हणाला, "आबाकडे. मना भाऊ. हाई काय, शेजारलेच."

"मग दोन्ही घेतो की."

"त्यानं नाव काढू नका मिस्तरी. मना वाटानं कवाड शे, मी इकस. लेवानं व्हई त ल्या."

मग गावच्या चहावाल्याकडून सगळं कळलं. बाप गेल्यावर थोरला धुडकू आबा आणि धाकटा सुकलाल या दोन भावांचं फाटलं. पंच बसले. जुनं घर उतरवून माल मोजून वाटला. थोरल्याच्या प्रत्येक लाकडावर डांबराचा एक फराटा, धाकट्याच्या लाकडावर दोन. दाराचं उजवं कवाड एकाला, डावं दुसऱ्याला. चौकट चिरता येईना, म्हणून ती थोरल्याकडे गेली आणि तिच्या बदल्यात धाकट्याला दगडी उखळ आणि पाटा मिळाला. त्याच जागेवर दोघांनी शेजारी शेजारी दोन घरं बांधली. धुडकू आबाने चौकट लावली, तीत आपलं उजवं कवाड बसवलं आणि डावीकडे साध्या फळ्यांचं कवाड ठोकलं. मधली पट्टी नसल्याने दोघांत दोन बोटं फट राहिली. मी जाताना मुद्दाम पाहिलं. फटीतून आतला कंदील दिसत होता. मी पोट धरून हसलो होतो, हे आज सांगताना लाज वाटते.

वकीलसाहेब कवाडावर भाळले. त्यांच्या दाराच्या मापात ते जवळजवळ बसतच होतं. आता इथे मला माझी चूक सांगायची आहे. जुन्या दारांना बिजागऱ्या नसत. कवाडाच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचंच बोंड सोडलेलं असे, त्याला आम्ही चूळ म्हणतो. खालची चूळ उंबऱ्याच्या खळग्यात, वरची चौकटीच्या वरच्या पट्टीतल्या भोकात, आणि त्यावर कवाड फिरतं. नव्या चौकटीत याचा काही उपयोग नाही. म्हणून आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. करवत घेतली, दोन्ही चुळी उडवल्या, कडेला तीन बिजागऱ्या ठोकल्या. काम सकाळी सुरू केलं, दुपारच्या जेवणाआधी संपलं. अशी किती कवाडं मी आयुष्यात तोडली असतील देव जाणे. चूळ गेली की ते कवाड आपल्या चौकटीत पुन्हा कधी जाऊ शकत नाही, हा विचार तोवर माझ्या डोक्यात आलाच नव्हता. ते परत जाईल असं कुणाला वाटणार?

दार बसलं, दिसलं झकास. महिन्याभरात माझ्या कानावर आलं, की साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हे आमच्या पणजोबांच्या घरचं." मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर सुखावलोच. माझं काम इतकं बेमालूम होतं!

चैत्र सरत आला होता. एके दिवशी भर उन्हात माझ्या आवारात एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर पदर, काखेत गाठोडं, पायांवर रस्त्याची धूळ. एका तुळईवर बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली,

"मिस्तरी तुम्हीच का? सुकलालनं कवाड तुम्हीच लई उनात ना?"

ती त्या दोघा भावांची थोरली बहीण, जमनाअक्का. शिरपूरकडे दिलेली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात तिचं महत्त्व दिवाळीहून जास्त. त्या सणाला सासरी गेलेली लेक माहेरी येतेच. तिला आणायला भावाने गाडी घेऊन जायचं किंवा कुणाला धाडायचं, त्या न्यायला येणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. माहेरी आल्यावर लेकीने काम करायचं नाही. झाडाला झोका बांधलेला असतो, त्यावर बसायचं, गाणी म्हणायची, सासूच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. म्हातारी झाली तरी त्या चार दिवसांत ती पोर असते.

वाटणी झाली त्या वर्षी दोन्ही भावांचे मुऱ्हाळी एकाच दिवशी जमनाअक्काच्या दारात उभे राहिले. दोन गाड्या, चार बैल. एकाच्या गाडीत बसावं तर दुसरा दुखावतो. अक्काला संताप आला. तिने दोघांनाही जेवू घातलं आणि निरोप दिला, की बापाच्या घरची दोन्ही कवाडं ज्या दिवशी एका चौकटीत लागतील, त्या दिवशी मी माहेरी येईन. त्याआधी नाही. तिला वाटलं, दोघं ताळ्यावर येतील. दोघांनी ते ऐकलं आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत बसला.

"सहा आखाज्या ग्यात," अक्का म्हणाली. "रागमा बोली गयू, मिस्तरी. देवनं नाव लिसन बोली गयू. आते फिरावता येत नही. आनि सुक्यानी कवाडच इकी टाकं." तिने पदराने तोंड पुसलं. "कवाड ग्यं त मनं माहेर ग्यं."

मी तिला सांगितलं, कवाड आहे. मी ते कापलंय हेही सांगितलं. ती उठली. "दखाडा," म्हणाली.

आम्ही पूल ओलांडून देवपुरात गेलो. वकीलसाहेबांकडे जळगावचे एक बडे व्यापारी बसले होते आणि साहेब नेमके त्याच विषयावर होते. "पणजोबांनी सातपुड्यातून साग आणवला. कारागीर दोन वर्षं घरी जेवायला होते." मी दाराशी चप्पल काढत होतो. जमनाअक्का कवाडापाशी उभी होती. तिने मोराच्या मानेवरून हात फिरवला. मग कवाड हळूच ओढलं आणि मागची बाजू पाहिली. तिथे डांबराचे दोन फराटे होते. मागची बाजू कोण पाहतो म्हणून मी ते धुतलेच नव्हते. तिने त्यांवर बोट ठेवलं.

साहेबांनी विचारलं, "कोण या बाई?"

अक्काच बोलली. तिने हात जोडले.

"दादा, हाई कवाड तुम्हना पणजानं शे, ते मी ऐकं. बरं शे. माले फक्त आखाजीपुरतं द्या. मना माहेरना दारले असंच एक कवाड व्हतं, ते हारपी ग्यं. भाऊसले दखाडानं शे. सण व्हयना की मी सोता परत लई येसू."

व्यापाऱ्याला हसू आलं. एवढं दार कशाला हवंय म्हणून त्याने विचारलं. अक्काने चार वाक्यांत सांगितलं, वाटणी, मुऱ्हाळी आणि तिचं बोलणं. कुणाला दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. फराट्यांवरचं बोट मात्र तिने काढलं नव्हतं, आणि साहेबांची नजर तिथेच खिळली होती.

साहेबांनी व्यापाऱ्याला बैठक उद्यावर ढकलायची विनंती केली. तो गेल्यावर ते खुर्चीतून उठले, अक्कासमोर आले.

"अक्का, हे माझ्या पणजोबांचं नाही."

"माले म्हाईत शे, दादा."

"माझे वडील जिनात कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घराला दारच नव्हतं. बांबूची तट्टी होती." मग माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "मिस्त्री, काढा ते."

मी विचारलं, "आखाजीनंतर परत बसवायला येऊ?"

"परत आणायचं नाही. इथे पडदा लावा."

या माणसाच्या मोठेपणाच्या हौसेला मी इतके दिवस पाठीमागे हसत आलो होतो. त्या दिवसानंतर हसलो नाही.

आखाजीला आठ दिवस होते. सुकलालकडून आणलेल्या खांबांतला एक अजून माझ्याकडे पडून होता. त्याच घराचं, त्याच वयाचं लाकूड. त्यातून मी दोन चुळी घडवल्या आणि कवाडाच्या कडेत खाच घेऊन बसवल्या, सागाच्याच खुंट्या मारून. कापायला मला सकाळ पुरली होती, जोडायला चार दिवस लागले. सांधा दिसतच होता. मी आयुष्यात सांधे लपवत आलो, पण हा लपेना, आणि खरं तर मी फार प्रयत्नही केला नाही.

कवाड बसच्या टपावर बांधून मी आणि अक्का चोपड्याला गेलो, तिथून बैलगाडीने गावात. अक्का गाडीतून उतरली ती थेट पारावर जाऊन बसली. गाठोडं मांडीवर. दोन्ही घरांतून बाया धावत आल्या, पाया पडल्या, "घरमा चाला" म्हणाल्या. ती हलेना.

धुडकू आबा आला. काटक, पांढऱ्या मिशांचा, बोलायला कंजूष. कवाड पाहून त्याचा चेहरा बदलला, पण बोलला ते असं: "मना चौकटले लावानं व्हई त लाव."

सुकलाल लगेच पुढे आला. "त्याना दारले मनं कवाड? कसाले? आनि मी ते इकेल शे."

"मिस्तरी, मंग तो कसाले बोलस?"

"मी तुम्हनासंगे बोली ऱ्हायनू, मिस्तरी."

दोघंही माझ्याशी बोलत होते. एकमेकांना सांगायचं ते माझ्या तोंडावर सांगत होते. अर्धा तास हे चाललं. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात वैशाखाचं ऊन. मी ओरडलो, "पुरे! मी हे परत धुळ्याला नेतो. तिथे निदान त्याच्याकडे कुणी पाहत तरी होतं." आणि खरंच गाडीवानाला हाक मारायला वळलो.

वळलो तेव्हा मला समोरचं अंगण दिसलं. जुन्या घराच्या जागेवर दोन घरं मागे सरकवून बांधलेली. पुढे मोकळी जागा, तीत जुनं कडुनिंबाचं झाड. ती जागा पंचांनी वाटली नव्हती, कारण झाड दोघांनाही हवं होतं. अंगणाला ना भिंत, ना दार.

मी म्हणालो, "आबा, चौकट इथे लावू."

"आठे? भिंत कोठे शे?"

"भिंतीचं काय काम? देवपुरात मी खांब उभे केलेत, त्यांच्यावर धाबं नाही. लोक लांबून पाहायला येतात. ही चौकट इथे अंगणाच्या तोंडाशी उभी राहील. दोन्ही बाजूंनी कपाशीच्या पऱ्हाट्यांचं कुंपण घाला. तुमच्या दाराला याचं कवाड नको, याच्या दाराला तुमचं नको. हे दार दोघांचंही नाही."

आबाने चौकटीच्या जागेकडे पाहिलं. मग घरात गेला, पहार घेऊन आला आणि स्वतःच्या दाराची चौकट स्वतःच भिंतीतून उकरायला लागला. विटा पडत होत्या, धुरळा उडत होता, आबाची बायको कपाळाला हात लावून उभी होती. त्याच्या घराला मोठं भगदाड पडलं. संध्याकाळी सुकलालच्या बायकोने शिवलेलं गोणपाट आणून त्या भगदाडावर टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन खड्डे खणले. चौकटीला आधार म्हणून दोन्ही कडांना एकेक खांब पुरला, एक आबाच्या वाट्याचा, एक सुकलालच्या. उंबरा बसवला, बाजू उभ्या केल्या. आता खरं काम. चुळीचं दार चौकट पुरी झाल्यावर बसवता येत नाही. आधी दोन्ही कवाडं उंबऱ्याच्या खळग्यांत उभी करायची, बंद दारासारखी एकमेकांना भिडवून धरायची, आणि मग वरची पट्टी त्या दोन्ही चुळींवर एकाच वेळी उतरवायची. पट्टी खुंट्यांनी पक्की होईपर्यंत कवाड सोडलं तर ते पडतं आणि चूळ मोडते. म्हणून दोन धडधाकट माणसं लागतात, एकेका कवाडामागे एकेक.

मी मोठ्याने विचारलं, "कोण धरणार?"

गावातले चार जण पुढे आले. मी त्यांना मागे सारलं. हे मी मुद्दाम केलं, कबूल करतो.

आबा उजव्या कवाडामागे जाऊन उभा राहिला. सुकलालने थोडा वेळ इकडे-तिकडे पाहिलं आणि डाव्यामागे गेला. खांद्याला खांदा लागत होता, पण दोघं समोर लाकडाकडे पाहत होते. मी आणि दोन गडी घडवंचीवर चढलो, पट्टी उचलली. उजवी चूळ भोकात गेली. डावी, मी जोडलेली, दोन सूत बाजूला होती. पट्टी आमच्या हातांत, वजन सोसवेना. मी ओरडायच्या बेतात होतो, तेवढ्यात खालून आबाचा आवाज आला.

"सुक्या, जरासं तुनाकडे ले."

"व्हय आबा."

"आखो. बस. आते धर."

"धरं."

पट्टी खाली बसली. सहा वर्षांनी दोघं बोलले ते एवढंच, पण माझ्या हातून खुंटी दोनदा निसटली. मी चारही खुंट्या ठोकल्या आणि म्हणालो, "सोडा आता." दोघांनी सोडलं नाही. पडेल या भीतीने असेल, नाहीतर सोडल्यावर पुढे काय करायचं हे कळत नसेल.

मी खाली उतरलो. लांडोर आणि मोर समोरासमोर आले होते. मधली फट नक्षीच्या पट्टीने झाकली होती. कुंपण अजून घातलं नव्हतं. दाराच्या दोन्ही बाजूंना मोकळं मैदान होतं, कोंबड्या, कुत्री, बाया आणि निम्मं गाव बाजूने आत-बाहेर करत होतं. कुणालाही चार पावलं बाजूला जाऊन अंगणात येता आलं असतं.

जमनाअक्का पारावरून उठली, गाठोडं काखेत घेतलं, पदर सारखा केला आणि त्या बंद दारासमोर येऊन उभी राहिली.

"उघडा रे," ती म्हणाली. "कितला येळ बाहेर उभी ऱ्हाऊ?"

दोघा भावांनी आपापलं कवाड आत ओढलं. अक्काने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि आत आली.